वऱ्हाडची विखुरलेली राजधानी

बहामनी राज्य फुटून दख्खनेत पाच शाह्या झाल्या, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. त्यांतल्या चार शाह्यांच्या राजधान्या आज पर्यटकांच्या यादीत पक्क्या बसल्या आहेत. विजापूरला गोल घुमटासमोरच्या नगारखान्यातच संग्रहालय आहे. गोवळकोंड्याला संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो. बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालातलं शिंपल्यांचं जडावकाम बघायला लोक मुद्दाम जातात. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला नेहरूंच्या बंदिवासामुळे का होईना, माहीत असतो. पाचवी राजधानी अमरावतीपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाड्या तिच्या उंबरठ्यावरून जातात. परतवाड्याला चहासाठी थांबायचं, घाट चढायचा, धुकं बघायचं, भीमकुंडावर फोटो काढायचे आणि संध्याकाळी उतरायचं, असा तो ठरलेला बेत. परतवाड्याला लागूनच असलेल्या अचलपुरात वळणारी गाडी विरळाच. का वळत नाही, याचं उत्तरही ठरलेलं आहे : “तेथं काय हाय पाह्यासारखं?”

हा प्रश्न टाकाऊ नाही. नकाशा हातात घेऊन अचलपुरात उतरलेल्या माणसाचा अनुभव खरोखरच असा असतो. वेस दिसते, तिच्यातून ऑटो आणि कापसाच्या गाड्या जात असतात. तटाचा तुकडा दिसतो, त्याला टेकून कुणाचं तरी घर असतं. राजवाडा कुठे, दरबार कुठे, तख्त कुठे, याचं उत्तर कुणी देत नाही. तास-दोन तासांत माणूस ‘काही नाही’ असा शेरा मारून निघतो. माझं म्हणणं असं की, दोष बघणाऱ्याच्या उत्साहात नाही आणि गावातही नाही. वऱ्हाडची राजधानी एका तटाच्या आत मावणारी कधी नव्हतीच. ती सपाटीवरचं शहर, गाविलगड आणि नरनाळा हे डोंगरावरचे दोन किल्ले आणि पुढे खोऱ्यातली ठाणी अशी पसरलेली होती. आज तिचे भाग वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या तालुक्यांत आणि दोन जिल्ह्यांत वाटले गेले आहेत, आणि ते एकत्र करून दाखवण्याचं काम कुणाकडेच नाही. प्रवाशाला जे मिळतं ते सुटं पान असतं, आणि सुट्या पानावरून पोथी कशाची आहे हे कळत नाही.

वऱ्हाडवर राज्य करणाऱ्या इमादशाहीचा मूळपुरुष फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. फरिश्त्याच्या इतिहासानुसार तो विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा. लढाईत पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि पुढे स्वतःच सुभेदार झाला. १४९० मध्ये त्याने बहामनी सत्तेपासून फारकत घेतली. त्याच्यानंतर अलाउद्दीन, दर्या आणि बुऱ्हाण असे तिघे गादीवर आले. शेवटच्या बुऱ्हाणाला त्याचाच वजीर तुफालखान याने नरनाळ्यावर कोंडून ठेवलं. १५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने तुफालखानाला पकडलं आणि वऱ्हाड निजामशाहीत विलीन करून टाकलं. म्हणजे हे राज्य जेमतेम ८४ वर्षांचं. पाठ्यपुस्तकातून ते निसटायला आणखी एक कारण झालं. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत दख्खनच्या चार सुलतानांनी विजयनगरचा पाडाव केला. अहमदनगरशी वैर असल्यामुळे वऱ्हाड त्या जुटीत नव्हतं. ज्या एका लढाईमुळे बाकीच्या शाह्या पोरांच्या तोंडी बसल्या, तिच्यातच आपली शाही गैरहजर! पण राज्य बुडालं म्हणून शहर बुडालं नाही. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेल्यावर अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त सुभ्याची नोंद केली, तेव्हा मोठं शहर आणि राजधानी म्हणून त्याने अचलपूरचंच नाव दिलं. जमिनीलगत उगवणाऱ्या एका सुवासिक चाफ्याची नोंद करायलाही तो विसरला नाही. सतराव्या शतकात आलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाला वऱ्हाड मोगल साम्राज्यातल्या सर्वांत संपन्न मुलखांपैकी एक वाटला होता.

अबुल फझलच्या त्याच नोंदीत आपल्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. शहराबद्दल दोन ओळी लिहून तो लगेच गाविलगडाकडे वळतो, त्याच्या मजबुतीला तोड नाही म्हणतो आणि तिथल्या झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात, असं सांगतो. नरनाळ्याविषयी लिहिताना, डोंगरावर पुष्कळ इमारती असलेला भक्कम किल्ला, असं तो नोंदवतो. त्या काळच्या जाणत्या माणसाला वऱ्हाडची सत्ता म्हणजे शहर अधिक गड हे सांगावं लागत नव्हतं. सपाटीवर काळी जमीन, कापूस, बाजार आणि वसूल. वर सातपुड्याच्या कड्यावर फौज, दारूगोळा, पाण्याची तळी आणि संकटात पळायची जागा. उत्तरेकडून माळवा, दक्षिणेकडून अहमदनगर आणि बिदर अशा कात्रीत असलेल्या राज्याला सगळं एका ठिकाणी मांडून चालण्यासारखं नव्हतं. तेव्हा अचलपुरात विजापूरसारखा गगनमहाल शोधणाऱ्याची निराशा ठरलेलीच. त्याने सकाळी शहर आणि दुपारी गड असं पाहिलं, तर राजधानी दिसायला लागते.

शहरात बघण्यासारखं एक ठिकाण असं आहे की, ते एकटंही पुरेसं आहे. गावाबाहेर पश्चिमेला हौज कटोरा नावाची वास्तू उभी आहे. एका हौदाच्या मधोमध आठ बाजूंचा, चहूकडे कमानी असलेला तीन मजली मनोरा. बहामनी किंवा इमादशाही काळातला तो मानतात. वर आणखी दोन मजले होते आणि पुढच्या नवाबी काळात ते उतरवून दगड दुसऱ्या बांधकामाला वापरले, असं सांगितलं जातं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा मनोरा कशासाठी हे कळत नाही. ना टेहळणीचा, ना कबरीचा, ना नमाजाचा. त्याला अहमदनगरजवळच्या फराहबागेशेजारी ठेवून बघा. तिथेही विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध निजामशहाचा महाल आहे, १५८३ च्या सुमारास पुरा झालेला. वऱ्हाडच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे अकोलेकराला वेगळं सांगायला नको. कोरडा वारा पाण्यावरून येऊन उघड्या कमानींतून खेळला की आतली जागा निवते. आपण कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतो त्यामागचं तत्त्व हेच. म्हणजे वऱ्हाडच्या उन्हाळ्याला दिलेलं हे राजेशाही उत्तर आहे. एवढं चार ओळींत सांगणारा फलक असेल, तर माणूस त्या मनोऱ्यापाशी पाच मिनिटांऐवजी अर्धा तास रेंगाळेल. तो आज जे बघतो त्यात हौद म्हणजे खड्डा आणि मनोरा म्हणजे पडकी इमारत.

गाविलगडावर हाच प्रकार जास्त ठळकपणे होतो, कारण तिथे माणसं जातात तरी. चिखलदऱ्यापासून गड अगदी हाकेच्या अंतरावर. त्याच्या दरवाज्यावरचं शिल्प बघून बहुतेक जण पुढे सरकतात. ते जरा थांबून बघावं. दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, त्याच्या चोचींत हत्ती, सोबत शार्दूल. हत्तीसारखं जनावर चिमणीएवढं करून टाकणारा हा पक्षी म्हणजे बळाची घमेंड दगडात कोरलेली. फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा आणि गंडभेरुंड कानडी मुलखातलं जुनं चिन्ह, तेव्हा सुलतानाने आपल्या जन्मभूमीची खूण किल्ल्याच्या दारावर कोरून घेतली, असं सांगण्याचा मोह होतो. जोडणी सुंदर आहे, पण थोडं जपून. बळ्ळिगावीला अकराव्या शतकातच भेरुंडाचा स्तंभ उभा राहिला होता, आणि विजयनगरच्या अच्युतरायाची गंडभेरुंड असलेली नाणी फतहुल्लानंतरची आहेत. म्हणजे हे चिन्ह कुण्या एका घराण्याची मालमत्ता नव्हतं. दख्खनेत ते फिरत होतं आणि हिंदू-मुसलमान दोन्ही दरबारांना ते आपलं वाटत होतं. निव्वळ दंतकथेपेक्षा मला ही गोष्ट अधिक रंजक वाटते. वऱ्हाडातल्या दारावर ती कुणी वाचून दाखवत नाही, एवढंच.

पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आलेल्या याच गडावर १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी हल्ला चढवला. सपाटीकडून कडा चढणं अशक्य, म्हणून स्टीव्हन्सनने अवजड तोफा डोंगरदऱ्यांतून ओढत उत्तरेच्या अंगाला नेल्या आणि बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. आत शिरल्यावर इंग्रजांच्या ध्यानात आलं की, खरा किल्ला अजून पुढे आहे आणि मध्ये खोल घळ आहे. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तट चढली आणि तिने आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याआधी २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला मैदानी लढाई झाली होती. गड पडल्यावर दोनच दिवसांनी देवगावला नागपूरकर भोसल्यांनी तह केला आणि ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जीला शिंद्यांनी. एका महिन्यात, तीन-चार तासांच्या मोटारप्रवासात मावेल एवढ्या टापूत, अर्ध्या हिंदुस्थानचं भवितव्य ठरलं. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने या वेढ्यावर ‘शार्प्स फोर्ट्रेस’ नावाची अख्खी कादंबरी लिहिली आहे. ती वाचलेल्या परदेशी माणसाला त्या घळीचं महत्त्व पुण्या-मुंबईच्या पर्यटकापेक्षा जास्त ठाऊक असण्याची शक्यता आहे. आपला पर्यटक त्याच घळीच्या काठावर पाठ करून सेल्फी घेतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

मग वस्तूंचं काय? राजधानी बघायला गेलेला माणूस इमारतींइतकाच संग्रहालयाच्या आशेने जातो. नाणी, हत्यारं, शिलालेख, भांडी असं काही डोळ्यांनी बघितलं की काळ जवळ येतो. इमादशाहीची राजधानी म्हणून नाव घ्यावं असं संग्रहालय अचलपुरात नाही, आणि त्यालाही इतिहास आहे. मोगलांच्या काळात शहजादा मुराद अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरजवळ शहापूर वसवून राहिला आणि सत्तेचं वजन तिकडे सरकलं. निजामाच्या काळात अचलपूरला नवाब आले. १८५३ ला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पुढे अमरावतीचं महत्त्व वाढलं. १९०३ ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं आणि राजधानी झाली नागपूर. साहेब जिथे बसतो तिथे संग्रहालय उभं राहतं. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ चं. विदर्भातल्या पुराव्यांचं माहेर तेच झालं. अचलपूरपासून काही मैलांवर चमक नावाचं खेडं आहे. १८६८ मध्ये तिथे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट सापडला; त्यात हेच चर्मांक गाव हजार ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे इमादशाहीच्या हजार वर्षं आधीचा, नाव-गाव-नदीसकट लिहिलेला पुरावा. तो विद्वानांच्या ग्रंथांत दीडशे वर्षं गाजतो आहे, आणि चमकच्या फाट्यावरून जाणाऱ्याला त्याची गंधवार्ता नाही. मूळ वस्तू नागपूरलाच असोत की आणखी कुठे, त्या परत आणा अशी आरडाओरड मी करणार नाही; त्या नीट जपल्या जाव्यात हे पहिलं. पण चांगला ठसा, मोठं छायाचित्र आणि सोप्या मराठीत मजकूर एवढं अचलपूरच्या एखाद्या शाळेच्या खोलीतही मावतं.

हे सगळं कागदावरचं स्वप्न आहे, असं वाटत असेल तर याच टापूत शेकडो वर्षं चालत आलेला एक नमुना बघावा. महानुभाव पंथातली ‘स्थानपोथी’ हा एका अर्थाने मराठीतला पहिला प्रवासमार्गदर्शक. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे निजले, ते देऊळ कोणत्या तोंडाचं, ओढा कोणत्या अंगाला, हे तिच्यात गावोगाव दिशेसह नोंदलं आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे पंथाचं मोठं क्षेत्र, आणि अचलपूरजवळ अष्टमहासिद्धीलाही महानुभावांची वर्दळ असते. एखादा साधा ओटा. परक्या माणसाला त्यात काही दिसणार नाही. पण पोथी ठाऊक असलेला भाविक तिथे येतो, थांबतो, वंदन करतो आणि गोष्ट मुलाला सांगून पुढे जातो. मुक्तागिरीला जाणाऱ्या जैन यात्रेकरूचं तेच, आणि दुल्हा रहमान शहाच्या दर्ग्यावर येणाऱ्या सर्व धर्मांच्या लोकांचंही तेच. गोष्ट सोबत असलेल्या माणसाला अचलपूर रिकामं वाटत नाही. रिकामं वाटतं ते आपल्याला, कारण आपल्याकडे वऱ्हाडच्या राजधानीची स्थानपोथी नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप अचलपूरच्या जुन्या वस्तीतून येतो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. स्मारकांच्या कायद्यात २०१० ला झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आली. बिलनपुरा, सरमसपुरा, सुलतानपुरा अशा दाट पुऱ्यांत राहणाऱ्याला उद्या तटाची प्रत्येक भिंत संरक्षित झाली, तर घरावर एक खोली चढवता येणार नाही. ‘तुमच्या पर्यटनासाठी आम्ही पडक्यात राहायचं का?’ हा सवाल रास्तच आहे. म्हणून दिसेल ते स्मारक घोषित करत सुटण्याच्या मी विरुद्ध आहे. वेस वापरात असणं हे वेशीचं भाग्यच. तिच्यातून ऑटो जाऊ द्या. ती पाडू नका, तिच्यावर होर्डिंग ठोकू नका, आणि ती कशाची हे लिहा. यासाठी कायद्यापेक्षा नगर परिषदेची इच्छा जास्त लागते.

दुसरा आक्षेप पैशाचा. ज्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि मेळघाटातलं कुपोषण हे प्रश्न आहेत, तिथे पडक्या भिंतींवर खर्च कशाला? प्रश्न बिनतोड वाटतो, पण पर्यटनावर खर्च होतोच आहे. चिखलदऱ्याला काचेच्या स्कायवॉकचा घाट घातला गेला, तेव्हा हा सवाल एवढ्या जोराने कुणी विचारला नाही. फलक, नकाशा, प्रशिक्षित स्थानिक वाटाडे यांना त्याच्या तुलनेत किरकोळ खर्च येतो, आणि वाटाड्याची मजुरी थेट अचलपूरच्या आणि नरनाळ्याच्या पायथ्याच्या शहानूरच्या पोरांच्या खिशात जाते. तिसरा आक्षेप हल्ली दबक्या आवाजात आणि कधी उघडही ऐकू येतो : हा ‘त्यांचा’ इतिहास आहे, आपण का मिरवायचा? ज्या घराण्याचा मूळपुरुष हिंदू घरात जन्मला, ज्याच्या गडाच्या दारावर गंडभेरुंड आहे, ज्याच्या राजधानीभोवती जैन, महानुभाव आणि सूफी तिघांची क्षेत्रं आहेत, त्या इतिहासाची अशी वाटणी करायला बसलेल्याला वऱ्हाड कळलेलं नाही, असंच मी म्हणेन.

अकोला जिल्ह्यालाही या राजधानीत आपला वाटा मागता येईल. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ च्या सुमाराचा, म्हणजे इमादशाहीच्या उंबरठ्यावरचा. त्यावरचं कोरीव काम आणि लेख बघितल्यावर मेळघाटच्या जंगलात एवढी नजाकत कुठून आली, असं वाटल्याशिवाय राहत नाही. बाळापूरला माण आणि म्हैस नद्यांच्या संगमाजवळ मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा हाच राजपूत, हे तिथे उभ्या असलेल्या शाळकरी मुलाला सांगितलं तर त्याचे डोळे विस्फारतात की नाही बघा. तिथला किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहाने सुरू केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ ला पुरा केला. तेव्हा बाळापूर, नरनाळा, अचलपूर, गाविलगड ही चार ठिकाणं एका माळेत ओवायला काही ओढूनताणून करावं लागत नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या पर्यटन आराखड्यांत ती एका मार्गाने दाखवली, एकच नकाशा छापला आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या ठिकाणाची वाट लिहिली, तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं, म्हणजे या ठिकाणांची स्थानपोथी लिहिणं, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाने मनावर घेण्यासारखं आहे.

तोवर प्रवाशाने आपल्यापुरती सोय करून घ्यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. अमरावतीकडून येणाऱ्याने सकाळी आधी अचलपूर बघावं, दुल्हा दरवाजा आणि हौज कटोरा चुकवू नये, आणि मग घाट चढून गाविलगडावर किमान तीन तास द्यावेत. पाणी सोबत न्यावं. अकोल्याकडच्यांनी अकोट, पोपटखेड, शहानूर अशी वाट धरून नरनाळा करावा. दोन्ही किल्ले मेळघाटच्या जंगलात आहेत. तिथे वन विभागाची प्रवेश फी भरावी लागते आणि अंधार पडायच्या आत खाली उतरावं लागतं.